तारपा काचेत ठेवला, पुढे?



२०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी पद्म पुरस्कारांची यादी आली आणि आपल्या पालघर जिल्ह्यात आनंदीआनंद झाला. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली. नव्वदी ओलांडलेला माणूस, सारा जन्म तारपा करण्यात आणि वाजवण्यात गेला. आमच्या मनवेलपाड्याच्या तळ्याकाठी संध्याकाळी जी वयस्कर मंडळी जमतात त्यांच्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "आता सरकारनं त्यांचा एक तारपा घेऊन म्युझियममध्ये ठेवला पाहिजे. म्हणजे कायमचा जपला जाईल." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला काही ते पटलं नाही. तिथे वाद घालायला डास फार होते, म्हणून इथे लिहिते आहे.

तारपा ज्यांनी फक्त वारली चित्रातच पाहिला आहे (हल्ली तो कुर्त्यांवर, कपांवर, स्टेशनांच्या भिंतींवर सगळीकडे असतो) त्यांच्यासाठी थोडं सांगते. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांना आतून थरथरणारी पाती, आणि पुढे ताडाची पानं गुंडाळून केलेला लांबच लांब कर्णा. सांधे मधमाशांच्या मेणानं बुजवलेले. वाजवणारा श्वास तोडत नाही. नाकानं घेतो, गालात साठवतो आणि सोडत राहतो, त्यामुळे सूर अखंड चालतो. भाताच्या कापणीच्या सुमारास हे सुरू होतं. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून तो गोल नाच जगभर गेला. मशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. चित्र जगभर गेलं, आवाज मात्र इथेच राहिला.

आता या वस्तूत काचेमागे टिकण्यासारखं काय आहे, सांगा. भोपळ्याला भुंगा लागतो. मेण वाळून तडकतं किंवा उन्हाळ्यात पाघळतं. ताडाच्या पानांचा भुगा होतो. काही वर्षांनी कपाटात उरतं ते तारप्याचं कलेवर, आणि त्याच्यासमोर पाटी. असा एक तारपा मी एका संग्रहालयात पाहिला आहे (नाव सांगत नाही). पाटीवर एवढंच होतं: 'तारपा. आदिवासी वाद्य.' कुणी केला, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, कोणत्या बांबूचा, त्यातून कोणते सूर निघायचे, कोणत्या सणाला कोणती चाल वाजायची, काहीही नाही. मी शाळेत असताना मुलांनी प्रयोगवहीत अशी नोंद केली असती तर वही परत दिली असती.

शाळेवरून आठवलं. माझ्या वर्गात आसपासच्या पाड्यांवरची मुलं असत. ऐंशीच्या दशकातलं स्नेहसंमेलन. सातवीतला एक मुलगा मामाचा तारपा घेऊन आला, छोटासाच. तालमीला पेटीवाले मास्तर बसले होते. त्यांनी षड्ज धरला, मुलानं तारपा फुंकला, आणि मास्तर म्हणाले, "बाई, हे बेसूर आहे." मुलगा काही बोलला नाही. खिशातून मेणाची गोळी काढली, पात काढून तिला एक कण चिकटवला, पुन्हा फुंकलं. सूर उतरला, पण पेटीला मिळाला नाही तो नाहीच. शेवटी त्याचा कार्यक्रम पेटीशिवाय, मैदानावर झाला आणि संमेलनात सर्वांत जास्त मुलं त्यालाच नाचली. मला तेव्हापासून हा प्रश्न पडलेला आहे की तारपा बेसूर होता की पेटीची पट्टी त्याला तोकडी होती? तारप्याचे सूर तारप्याच्याच मापानं मोजून ठेवले तर याचं उत्तर मिळेल. त्यासाठी लागतं एक ध्वनिमुद्रण यंत्र, एक मोजपट्टी, आणि वाजवणाऱ्यापाशी चार दिवस बसण्याची तयारी. पहिल्या दोन गोष्टी आज माझ्या नातवाच्या फोनमध्येच आहेत.

याच्या अगदी उलट उदाहरणही आपल्याच दारात आहे, ते म्हणजे वसईच्या घंटा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावर जी टांगलेली आहे तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या घाटावर आहे ती १७०७ ची, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. भीमाशंकरलाही एक आहे. घंटेला कोणी वाद्य म्हणेल का, असं विचाराल. आपल्या नाट्यशास्त्रानं वाद्यांचे जे चार वर्ग केले, तत, सुषिर, अवनद्ध आणि घन, त्यात ती घनवाद्यात बसते, टाळ-झांजांच्या शेजारी.

ही धातूची. तीनशे वर्षं ऊनपाऊस खाल्ला, रोज शेकडो हातांनी वाजली, तिला काही झालं नाही. तिला जपण्यासाठी काचेची गरजच पडली नाही. आणि तरीही तिच्याबद्दल आपण किती बेफिकीर! भीमाशंकरच्या घंटेवरचं साल कुठे १७२७ वाचायला मिळतं, कुठे १७२९. घंटा तिथेच टांगलेली आहे, कोणीही वर बघून वाचावं. वसईतले दुर्गप्रेमी तरुण कित्येक वर्षं या घंटांचा माग काढत हिंडताहेत, त्यांचं कौतुक वाटतं. पण साल सांगणारे पुष्कळ भेटले, सूर सांगणारा मला अजून भेटायचा आहे. चर्चच्या मनोऱ्यात घंटा दोरानं झुलवतात, ती स्वतः हलते आणि तिचा आवाज गावभर पसरतो. देवळात ती स्थिर असते आणि भाविक खालून लोलक हलवतो. वस्तू एकच, वाजवण्याच्या रीती दोन, ऐकू येणारं निराळं. ही गोष्ट कुठल्या पाटीवर लिहिलेली पाहिली नाही.

तर माझं म्हणणं असं की वाद्य जपणं म्हणजे वस्तू जपणं, हा समजच अपुरा आहे. वस्तूबरोबर तिचा कागद जपायला हवा. तारप्याच्या बाबतीत तर कागद आणि आवाज आधी, वस्तू नंतर.

हे काही मी नव्यानं सांगत नाही. कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ साली बेल्जियमच्या राजाला सुमारे शंभर हिंदुस्थानी वाद्यं भेट पाठवली. त्या आणि आणखी एका संग्रहातून ब्रुसेल्सचं वाद्यसंग्रहालय उभं राहिलं. तिथले पहिले संग्रहपाल माहियों यांच्यापुढे प्रश्न आला की एवढ्या परीची वाद्यं कोणत्या खणात कोणती ठेवायची? युरोपात तेव्हा तंतुवाद्यं, फुंकवाद्यं आणि राहिलेली सगळी ठोकायची, असा ढोबळ हिशोब होता. माहियोंनी आपली चार वर्गांची पद्धत उचलली. पुढे १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि साक्स या दोघा जर्मन भाषिक विद्वानांनी तिच्यावर आकड्यांची मोठी इमारत बांधली, आणि आज जगातली बहुतेक संग्रहालयं तीच वापरतात. म्हणजे कपाटाचे खण आपल्याकडचे. पाट्या लिहिण्याची चिकाटी मात्र त्यांनी दाखवली.

दख्खनच्या वाद्यांवरचं पहिलं नीटस मोठं पुस्तकही एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं, कॅप्टन चार्ल्स डे यांचं, १८९१ चं. रंगीत चित्रं काढवून घेतली आणि वाद्यं कशी जुळवतात तेही लिहिलं. बिचारे १९०० साली दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मारले गेले. आपले लोक काहीच करत नव्हते असं नाही हं. मद्रासच्या सरकारी संग्रहालयातल्या वाद्यांची सूची पी. सांबमूर्तींनी केली, ती आजही अभ्यासक उघडतात. आणि महाराष्ट्रात तर पुण्याचे दिनकर केळकर होते.

केळकरांबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. १८९६ चा जन्म, चष्म्याचं दुकान, 'अज्ञातवासी' या नावानं कविता. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला लागले आणि १९९० मध्ये जाईपर्यंत थांबले नाहीत. राजा नावाचा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला, त्याचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं. खेडोपाडी हिंडून वीस हजारांवर वस्तू जमवल्या, पत्नी कमलाबाईंची साथ होती, आणि पुढे ते सारं राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. शुक्रवार पेठेतल्या त्या संग्रहालयात वाद्यांचं वेगळं दालन आहे. मोराच्या आकाराची मयूरवीणा तिथे मुलांना हमखास थांबवते. आमच्या शाळेची सहल गेली होती तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, मोराचं तोंड कशाला? त्यानं आवाज बदलतो का?" उत्तम प्रश्न! मी म्हटलं, लिहून ठेव, मोठी झालीस की शोध. एका माणसानं, पदरचे पैसे घालून, हे करावं याचं मला आजही नवल वाटतं. पण त्यांची खरी करामत जमवण्याच्या वेळेची आहे. वाडे पडत होते, माळ्यावरच्या वस्तू मोडीत जात होत्या, त्या नेमक्या काळात ते दारात जाऊन उभे राहिले. दहा वर्षं उशिरा गेले असते तर निम्मं बोहारणीकडे गेलं असतं.

आज माळ्यावर वस्तू उरलेल्या नाहीत. आज दारात उभं राहायचं ते माहिती मागायला.

इथे एक जुना वाद आहे, तोही सांगते. संग्रहातलं वाद्य वाजवावं की नाही? एक पक्ष म्हणतो, वाद्य न वाजवता ठेवणं म्हणजे माणसाला कोंडणं. ऐकायला छान वाटतं. पण तुतनखामनच्या थडग्यातले कर्णे घ्या. १९२२ मध्ये ते थडगं सापडलं, आणि १९३९ साली बीबीसीनं ते तीन हजार वर्षांपूर्वीचे कर्णे कैरोहून रेडिओवर वाजवले. जगानं कान टवकारले. पण वाजवणाऱ्या लष्करी बॅंडवाल्यानं त्यांना आजकालची मुखनळी लावली होती, म्हणजे लोकांनी ऐकलं ते अर्धं इजिप्त आणि अर्धं बॅंडपथक. शिवाय असल्या प्रयत्नांत चांदीच्या कर्ण्याला इजा झाली ती वेगळीच. दुसरीकडे इटलीत जिनोआ शहरानं पागानिनीचं १७४३ चं व्हायोलिन जपलं आहे. ते निवडक वादकांच्या हाती देतात, देखरेखीखाली, ठरावीक वेळ. लाकडी व्हायोलिनला ते चालतं असं तिथले जाणकार म्हणतात. म्हणजे सरसकट नियम नाही. ज्याची त्याची प्रकृती बघायची, वैद्यासारखी. जगातल्या संग्रहालयांच्या परिषदेत वाद्यांसाठी वेगळी समिती १९६० पासून आहे, तिचाही सूर साधारण असाच की आधी नीट मापं घ्या, आतून क्ष-किरणांनी बघा, नकाशा काढा, त्यावरून नवं वाद्य करा आणि ते खुशाल बडवा. जुन्याला विश्रांती द्या.

तारप्याला हे फार सोपं आहे, कारण नवा तारपा करणारे हात अजून आहेत. म्हणून पालघर जिल्ह्याला (जिल्हा होऊन २०१४ च्या १ ऑगस्टला सुरुवात झाली, म्हणजे आमच्या लेखी अजून पोरच आहे) कधी एखादी खोली संग्रहालयासाठी मिळालीच तर माझी सूचना अशी. तिथे जुना तारपा एकच ठेवा. दर वर्षी एका कारागिराकडून एक नवा तारपा करवून घ्या, योग्य पैसे देऊन. तो कसा केला त्याचं पहिल्या दिवसापासून चित्रीकरण ठेवा. कारागिराचं नाव, गाव, शिकवणाऱ्याचं नाव, आणि त्याच्याकडे शिकणाऱ्या पोराचंही नाव पाटीवर लिहा. सगळ्या चाली मुद्रित करा आणि कोणती कधी वाजते ते त्यांच्याच बोलीत नोंदवा. आणि दाराशी चार वाफे करून तारप्याच्या दुधीचं बी पेरा. हसू नका! बाजारातला दुधी कोवळा खायचा म्हणून जोपासलेला, त्याची साल पातळ. वाद्याला हवा तो वेलीवरच पिकलेला, ठरावीक मानेचा, जाड सालीचा. ते वाण एकदा गेलं की क्ष-किरण चित्रं घेऊन काय करणार?

मिरजेचंही तेच. तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे-सतारी करायला घेतल्या, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण तंबोऱ्याचा भोपळा पिकतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात. तो खायच्या कामाचा नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, वाद्य करणारा. शेतकऱ्यानं उद्या त्या जागी ऊस लावला तर मानांकनाचं प्रमाणपत्र तारांना बांधून वाजवायचं का?

आता घरची गोष्ट. नातेवाईक मंडळींनी इथून पुढे जरा लक्ष देऊन वाचावं.

आमच्या आक्काचा तंबोरा. ती गेल्या वर्षी गेली, तुम्हा सर्वांना माहीत आहे. तंबोरा सध्या माझ्याकडे, कपाटाशेजारी खोळीत आहे. त्याचं काय करायचं यावर फोनवर तीन मतं आली. अमेरिकेतल्या भाच्याला तो तिकडे न्यायचा आहे. पुण्याच्या पुतणीचं म्हणणं, छान पॉलिश करून घेऊ आणि हॉलमध्ये ठेवू, आत एक दिवा सोडला तर काय सुरेख दिसेल. (दिवा! आक्कानं काठी घेतली असती.) आणि धाकट्या वन्संचं मत की एखाद्या संग्रहालयाला देऊन टाकावा, म्हणजे कटकट मिटली.

माझं मत तिन्हींहून वेगळं आहे. आधी त्याची नोंद करू, मग कुठे द्यायचा ते ठरवू. संग्रहालयाला नुसता तंबोरा दिला तर त्यांच्याकडे असे पुष्कळ असतात, आपला आणखी एक. तो वेगळा कशानं होतो, तर आईच्या हिशोबाच्या वहीनं. १९६१ च्या दिवाळीनंतरच्या पानावर आईच्या अक्षरात लिहिलं आहे: 'मिरज, तंबोरा, १४० रु., खोळ निराळी.' खाली, 'गाडीभाडे' आणि 'भोपळ्यास गादी'. पुढे १९७४ मध्ये 'जवारी' आणि दोन रुपये कमी-जास्त. १९८३ च्या पावसाळ्यात 'तबली निघाली, चिकटवली'. आक्का काळी चारमध्ये गायची, त्यामुळे पंचमाची तार कोणत्या जाडीची आणायची तेही आईनं समासात टिपलं आहे. आई चौथी शिकलेली. वाद्याचा असा चोख कागद मोठमोठ्या संग्रहांतही विरळा.

जवारीचं एवढ्यासाठी सांगते की घोडी दर वेळी थोडी घासली जाते, तेव्हा कुठे तो झंकार उठतो. म्हणजे १९६१ ची घोडी आज जशीच्या तशी नाही. तंबोरा 'मूळ स्थितीत' असा कधी नसतोच, तो वापराबरोबर बदलत आलेला असतो, आणि ते बदल हाच त्याचा इतिहास. पॉलिश करणारा पहिल्यांदा काय करील, तर पॉलिशपेपरनं जुनी लाख खरवडील. आक्काच्या उजव्या हाताच्या मनगटानं भोपळ्यावर जी झिजलेली जागा केली आहे ती पहिल्या तासात जाईल. म्हणून पॉलिश नको. अमेरिकेचं म्हणाल तर घोडी कसली आहे ते जाणकाराला दाखवल्याशिवाय विमानात चढवायची नाही. शिंगाची असो वा हस्तिदंती, दोन्हीकडचे वन्यजीव कायदे कडक आहेत. आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, आणि तिकडचा कस्टमवाला आक्काला ओळखत नाही.

तोवर सांभाळायचं कसं? फार काही नाही. तारा पूर्ण काढायच्या नाहीत, नुसत्या सैल करायच्या, नाहीतर वर्षानुवर्षं ओढ बसून तबली खचते. भिंतीला टेकवायचा नाही, आपल्या विरारच्या भिंती जुलैत घाम गाळतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा नाही, आत दमट हवा कोंडते. सुती खोळ पुरे. हवा कोरडी किंवा दमट असण्यापेक्षा तिची सारखी उलथापालथ वाईट, म्हणून एसीच्या खोलीत तर अजिबात नको, चार तास चालू नि वीस तास बंद. महिन्यातून एकदा खोळ काढून भोपळ्याखाली पिठासारखी पूड पडली आहे का बघायचं. पडली असेल तर कीड आहे.

आणि एक काम माझ्याच्यानं होणारं नाही. तारा एकदा आक्काच्या पट्टीत चढवून, बेतानं, अर्धा तास त्याचा आवाज मुद्रित करून ठेवायचा आहे. माझे हात आता कापतात. थोरल्या भाच्यानं येत्या रविवारी मोजपट्टी, फोन आणि एका तंबोरा जुळवणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांना घेऊन यायचं कबूल केलं आहे. बाकीच्यांनी यायचं तर अकराच्या आत यावं, दुपारी लोकलला गर्दी कमी असली तरी मला झोप लागते. आईची वही माझ्याकडेच आहे. फोटो हवे तितके काढा, वही घरी न्यायला मागू नका.